बापपण मिळवताना

आज लेकीला घेऊन चिखलदऱ्याला आलो. परतवाड्याहून घाट चढताना एसटीत तिनं पुन्हा विचारलं, "बाबा, भीमकुंड नक्की दाखवता ना?" दारूच्या काळात मोडलेले शब्द ती विसरलेली नाही. तिनं ते विसरावेत, अशी घाईही मला नाही.

कीचकाला मारल्यावर भीमानं इथं हात धुतले, ही गोष्ट भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहून तिला सांगितली. ऐकता ऐकता तिनं भाजलेल्या कणसाचे दाणे सोलले आणि अर्धे माझ्या तळहातावर ठेवले.

दारूच्या त्या काळाचा विचार आला की मला मुक्तांगण आठवतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार मानून तिथं उपचार होतात, घरच्यांनाही सोबत घेतलं जातं. ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. आजार म्हटलं की लाज गळून पडते, जबाबदारी मात्र उरते. समुपदेशन, पाठपुरावा आणि पहिला घोट टाळणं, रोजच्या रोज.

दारू सुटली म्हणून बापपण आपोआप परत मिळत नाही. शाळा सुटताना फाटकाशी वेळेवर उभं राहून, कबूल केलेली सहल घडवून ते कमवावं लागतं. लेक अजून मला पारखते आहे. तो तिचा हक्कच आहे.