तंगूस तुटता कामा नये!

जॉर्जियाला मावसभावाकडे गेलं की आमचा शनिवार मॉलमध्ये नाही, तळ्यावर जातो. लार्जमाउथ बास हे तिथलं वेड! याच राज्यात १९३२ मध्ये जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता जेमतेम औंसभराने पुढे गेला. पण रेकॉर्ड मोडायला किमान २ औंस जास्त हवेत, म्हणून दोघंही नंबर वन!

रेकॉर्ड राहू द्या, तंगूसाचं बोलू. स्विमबेट म्हणजे ८ इंची, ३-४ औंसांचा खोटा मासा. एवढं धूड जोरात भिरकावलं आणि रीळ मध्येच अडकलं, तर बारीक लाइन हवेतच खटकन तुटते. महागडं ल्यूर गेलं पाण्यात! म्हणून मला २० ते २५ पौंडांची फ्लुरोकार्बन आवडते. ती बुडते, कमी दिसते, दगडांवर घासली तरी टिकते. तरंगणाऱ्या ल्यूरला मात्र मोनो बरी. ब्रेडेड बारीक आणि दणकट, गवतात तर बेस्ट. पण दगडावर पटकन कापली जाते.

‘जाड लाइन म्हणजे माशावर अन्याय नाही का?’ मित्र विचारतात. उलट आहे, बॉस! बारीक लाइन तुटली की मासा तोंडात गळ घेऊन जातो. जाड असेल तर तो झटपट काठाशी येतो, गळ निघतो आणि दमून जायच्या आत स्वारी परत पाण्यात. तेव्हा गाठ ओली करून आवळा आणि शेवटची हातभर लाइन बोटांनी चाचपा. खरखरीत लागली? कापा, नवी गाठ मारा. मगच ल्यूर फेका!