व्हॉल्व्ह बदलायचा की नुसतं पॅकिंग?

आमच्या चौकातला पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह तीन महिने गळतोय. चेंबर कायम भरलेलं. मिनिटाला एक लिटर धरलं तरी दिवसाला १४४० लिटर. शहरासाठी निकष माणशी १३५ लिटरचा, म्हणजे दहा माणसांचं पाणी रोज गटारात. तक्रार केली तर उत्तर काय, "नवीन व्हॉल्व्हचं टेंडर निघेल."

अहो, कशाला? मी बावीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली. स्पिंडलपाशी गळत असेल तर बहुतेक वेळा ग्लँड पॅकिंग गेलेलं असतं. आधी ग्लँडचे नट दोन्हीकडून सारखे, थोडे थोडे आवळून बघायचे. नाहीच थांबलं तर लाइन बंद करून, प्रेशर उतरवून जुनं पॅकिंग पूर्ण काढायचं आणि नव्या रिंगा सांधे एकाखाली एक येणार नाहीत अशा बसवायच्या. सीट खराब असली तरी बऱ्याचदा बॉनेट उघडून जागेवरच घासता येते. बॉडी लाइनीतून हलत नाही, रस्ता फोडावा लागत नाही.

बॉडीलाच तडा असेल तर बदला, कोण नाही म्हणतंय! पण आधी चेंबरमधलं पाणी उपसून बघा तरी.

सोमवारी अकराला वॉर्ड ऑफिसात पुन्हा जातोय. कोणाला यायचं असेल तर या.