बागेबाहेरची बातमी

बाहेरची कुठलीही बातमी आत आणायची नाही, आनंदाची असेल तरच. फ्लॉरेन्सबाहेरच्या टुमदार वाड्यात पाय ठेवल्यावर पाम्पिनेआनं नोकरांना ही ताकीद दिली. साल १३४८, प्लेगचं. पाम्पिनेआ धरून सात तरुणी, तीन तरुण. मंगळवारी सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या ओस पडलेल्या चर्चमध्ये भेटले, बुधवारी पहाटे शहर सोडून निघाले.

मागं राहिलेल्या शहराचं या दहाजणांची गोष्ट लिहिणारा बोकाचिओ ‘डेकॅमेरॉन’मध्ये सांगतो ते वाचवत नाही. जांघेत, काखेत गाठी यायच्या. कुणाला अंड्याएवढ्या, कुणाला सफरचंदाएवढ्या. मग अंगभर काळे डाग, आणि बहुतेकांचं तीन दिवसांत आटपायचं. एका मेलेल्या गरिबाच्या चिंध्या रस्त्यात फेकल्या होत्या. दोन डुकरं आली, नाकाडानं त्यांनी त्या उकरल्या, दातात धरून झटकल्या. थोड्याच वेळात विष खाल्ल्यासारखी गरगरली आणि त्याच चिंध्यांवर आडवी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, असं तो बजावून सांगतो. पाहिलं असेल, नसेलही. पण डुकरांना त्या पुस्तकात जागा मिळाली, चिंध्यांच्या मालकाला नावसुद्धा नाही.

आईबाप पोटच्या पोरांजवळ जाईनात. तिकडे सिएनात आन्योलो दी तुरानं आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी साथीची हकिकत लिहीत होता. ती कधीपर्यंत चालली, ती जागा त्यानं कोरी ठेवली, आणि भरायच्या आत प्लेगनं त्यालाच नेलं.

बागेत मात्र कारंजी, गाणी, थंडगार मद्य. रोज दहा गोष्टी, शुक्रवार-शनिवार सुट्टी. लबाड भिक्षू, फसलेले नवरे, वरचढ बायका. मरण शेजारी असताना हे हसले कसे, असं विचारणाऱ्यानं पाम्पिनेआचं घर आठवावं: भरल्या गोकुळातून एक मोलकरीण तेवढी उरली होती. तिला आणखी कुठली बातमी हवी होती?

नोकरांनी ताकीद पाळली. त्यांच्यातल्या लिचिस्का या मोलकरणीचं तोंड सुटलं ते सहाव्या दिवशी, तेही तिंदारो या नोकराशी झालेल्या भांडणात. आणि मालकिणी पोट धरून हसल्या. शहरात तिचं कोण होतं, त्यातलं कोण उरलं, हे कुणी विचारलं नाही. बोकाचिओनंही नाही. एवढ्यापुरता माझा त्याच्यावर राग आहे.

पण पाम्पिनेआचा हुकूम मोडला तोही त्यानंच. शंभर गोष्टींच्या आधी त्यानं प्रेतं मांडली. सुंदर पठारापूर्वीचा हा खडा चढ आहे, असं म्हणत वाचणाऱ्या बायकांची माफी मागितली, पण पानं काढून टाकली नाहीत. त्याचे स्वतःचे वडील त्याच सुमारास गेले होते.

१३७०च्या आसपास, दुखण्यांनी थकलेल्या बोकाचिओनं ‘डेकॅमेरॉन’ पुन्हा स्वहस्ते उतरवून काढलं. ती प्रत, काही पानं गळालेली, आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहे.