डोंगरीची डंगरी

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीह आटोपली की नयानगरचा बाजार रंगात येतो. हैदरी चौकात पाय ठेवायला जागा नसते. ईदच्या खरेदीसाठी सातवीतल्या लेकीला घेऊन आम्ही निघालो होतो. एका दुकानापुढे ती थबकली.

"अम्मी, मला डंगरी हवी. सध्या तीच चालते."

निळ्या जाड कापडाची, खांद्यावर पट्टे असलेली ढगळ पॅन्ट. गुडघ्यांवर मुद्दाम विटवलेली. किंमत चौदाशे रुपये.

आम्ही सुनावलं, "दोन वर्षांपूर्वी अंगाला चिकटणाऱ्या जीन्ससाठी रडलीस. ती कपाटात पडून आहे. हिचंही उद्या तेच होणार." मग शिकवण्याची सवय जाईना म्हणून विचारलं, "डंगरी हा शब्द कुठला गं?"

"इंग्लिश!" तिने झटकन उत्तर दिलं.

शब्द इंग्रजी नाही, आपल्या डोंगरीचा आहे. भाईंदर पश्चिमेला उत्तनजवळ एक डोंगरी आहे, ती नव्हे. मुंबईतली, सँडहर्स्ट रोड स्टेशनजवळची. तिथे विकलं जाणारं स्वस्त, भरड सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकापासून नेलं आणि गावाचं नाव कापडाला चिकटलं. त्याची शिडं झाली, खलाशांचे कपडे झाले. तिकडे अमेरिकेत लेव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना १८७३ मध्ये पॅन्टच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट मिळालं. तीही कष्टकऱ्यांचीच पॅन्ट. पुढे १९५० च्या दशकात सिनेमातल्या नटांनी ती घातली, तरुण मुलं वेडावली आणि काही शाळांनी तिच्यावर बंदी घातली. कापड तेच होतं, घालणारा बदलला.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं. पण डंगरी आम्ही त्याआधी घरातच पाहिली होती.

आमचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. ते बोटीवर खलाशी होते आणि बिऱ्हाड डोंगरीत. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मीरा रोडला आली, त्यांत आमचंही आलं. दादा निवृत्त झाले तरी त्यांची डंगरी सुटली नाही. तेलाचे डाग पडलेली, गुडघ्यांवर खरोखरच विटलेली. तीच घालून ते दुपारी आमचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे.

२००३ साली आम्ही आठवीत होतो. त्या वर्षी 'तेरे नाम' आला आणि वर्गातली मुलं मधोमध भांग पाडून कपाळावर झुलपं सोडू लागली. (पुढे २००८ मध्ये 'गजनी' आल्यावर अशीच डोकी भादरून घेतली गेली.) अशा दिवसांत एका मैत्रिणीने फाटकाकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्याकडे मेकॅनिक कामाला आहे का?"

आम्ही "हो" म्हणालो.

दादांनी ते ऐकलं की नाही, आम्हाला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पांढरा लेंगा-सदरा घालून डबा आणू लागले.

आज आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मुलांनी केस रंगवले की रागावतो, फॅशनच्या मागे लागू नका म्हणून सांगतो. जूनमध्ये पट भरावा म्हणून घरोघर फिरतो. आपल्या जबानीत शिकलेलं मुलाच्या मनात पक्कं बसतं, हे बी.एड.ला शिकलो होतो, तेच पालकांना समजावतो. एका आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीचर, आपकी बच्ची कौनसे स्कूल में है?"

आमची लेक इंग्रजी शाळेत आहे. आम्ही चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. लोक काय म्हणतील, पोर मागे तर पडणार नाही, ही फाटकाशी वाटलेलीच भीती होती. मुलांच्या केसांना नावं ठेवणं सोपं असतं. आपली स्वतःची फॅशन आपल्याला फॅशन वाटत नाही, शहाणपणा वाटतो.

डंगरी आम्ही घेऊन दिली. परतताना लेकीला दादांची गोष्ट सांगितली, फाटकाशी दिलेल्या उत्तरासकट. ती बराच वेळ पिशवी छातीशी धरून चालली. मग म्हणाली, "दादांची ती डंगरी कुठे आहे? मला बघायची आहे."

"दादीने फाडून तिची लादी पुसायची फडकी केली," आम्ही म्हणालो. "दादांनीच काढून दिली होती."