लीड्सची थंडी आणि ताईचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत मी पंधरा दिवस ताईकडे इंग्लंडला जाऊन आले. परतल्यावर शाळेतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "ताईचा बॉयलर!" सगळ्या हसल्या. पण खरंच, निम्मी सुट्टी त्याच्याच काळजीत गेली.

ताई राहते यॉर्कशायरमध्ये, लीड्सला. एके काळचं हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं शहर. कामगारांसाठी बांधलेली लाल विटांची घरं अजून उभी आहेत. भिंतीला भिंत लागून, आपल्या बैठ्या चाळींसारखी. छपरांवर धुराड्यांची रांग. नोव्हेंबर लागला की संध्याकाळी साडेचारलाच दिवेलागण! सांगलीहून गेलेली मी दोन स्वेटरांतही कुडकुडत होते.

तिसऱ्याच दिवशी बॉयलर रुसला. गॅसवर पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवायचं, हे त्याचं काम. तो बंद म्हणजे घराची चूलच विझली. दुरुस्तीवाल्यानं तो चालू करून दिला, पण म्हणाला, "म्हातारा झालाय. फार तर दोन हिवाळे काढील."

झालं! भावोजी म्हणाले, "आता हीट पंपच बसवू या." ताई गप्प. आईला उन्हाळ्यात तिकडे न्यायचं म्हणून तिनं पै-पै साठवली होती, ते मला ठाऊक होतं.

"हीट पंप म्हणजे काय हो, भावोजी?" मी आपली बी.ए., मराठी घेऊन!

"फ्रीजच्या मागे हात लावून बघ. गरम लागतं ना? फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. शून्य अंशाच्या हवेतही ती असतेच. विजेचं एक युनिट खर्चलं की साधारण तीन युनिटांची ऊब मिळते."

मला वाटलं, मग अडलंय कुठं? पण ताईनं कागद-पेन्सिल घेतली. तिथं विजेचं युनिट गॅसच्या युनिटापेक्षा सुमारे चौपट महाग. म्हणजे तिपटीनं ऊब मिळूनही बिल उतरेलच असं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी मदत ७,५०० पौंड झाली आहे, पण वरचा खर्च आपला. शिवाय या पंपाचं पाणी बॉयलरइतकं कढत नसतं, म्हणून रेडिएटर मोठे हवेत. गरम पाण्याची टाकी हवी, ती ठेवायला ताईचं कपड्यांचं कपाट जाणार!

रविवारी ताईच्या मैत्रिणीकडे गेलो. घर शहराबाहेर, नव्या बांधणीचं. रेडिएटर हाताला नुसते कोमट, पण घरभर सारखी ऊब. ती म्हणाली, "सारखा चालू-बंद करायचा नाही. मंद आचेवर ठेवावा तसा चालू द्यायचा. आधी आमच्याकडे विजेचे हीटर होते, त्यामुळे बिल खूपच उतरलं."

घरी येऊन मी देवापाशी उदबत्ती लावली. धूर सरळ वर जाईना, आडवा वाहू लागला. मी उदबत्ती घेऊन घरभर फिरले. दाराखाली, खिडकीच्या चौकटीपाशी, फरशीच्या लाकडी फळ्यांच्या फटीतून, सगळीकडून वारा! म्हटलं, "ताई, घागर फुटकी असली की नळ कितीही चांगला आणलास तरी काय उपयोग?"

भावोजी हसले, पण पटलं त्यांना. ठरलं ते असं: बॉयलर आहे तोवर चालवायचा. आधी माळ्यावर लोकरीसारखा जाड थर अंथरायचा, फटी बुजवायच्या. (हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या जाळ्या मात्र उघड्याच ठेवायच्या हं!) मग जाणकाराकडून खोलीखोलीचं मोजमाप करून घ्यायचं, आणि पंपाचा निर्णय तेव्हा. आईच्या तिकिटाचे पैसे जागच्या जागी राहिले.

तुमचीही लेक किंवा बहीण थंड मुलुखात असेल आणि घरात हाच वाद चालला असेल, तर तिला तीन प्रश्न विचारा. आज घर कशावर तापतं, गॅसवर की विजेवर? घरात ऊब टिकते का? टाकीला आणि बाहेरच्या पंख्याच्या पेटीला जागा आहे का? यंत्राची किंमत त्यानंतर विचारावी.

आणि हो, पत्रातून उदबत्तीचा एक पुडाही पाठवा!