तिसरी सही

आमच्या पिठाच्या गिरणीचा परवाना दरवर्षी ३१ मार्चला संपतो. नूतनीकरणाचा अर्ज मोबाईलवरून मीच भरते, कारण पप्पांचे हात कायम पिठात. दहा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी मात्र अर्ज परत आला. शेरा होता, 'जागेच्या सर्व सहमालकांचे ना हरकत पत्र जोडावे.'

गाळा आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. ते गेल्यावर परवाना पप्पांच्या नावावर झाला. "सहमालक म्हणजे मी आणि तुझा काका," पप्पा म्हणाले. मी दोघांच्या नावाचं पत्र टाइप केलं आणि काकांकडे गेले.

काकांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला. "आज सही केली की उद्या म्हणाल, गिरणी आमचीच."

वीस वर्षं गिरणी पप्पा एकटे चालवतात. काकांनी नोकरी केली. पप्पांचं म्हणणं, घाम माझा. काकांचं म्हणणं, गाळा दोघांचा. पण भांडण खरं तर परवान्याचं नव्हतंच. या जागेत या माणसाला हा धंदा करायला महापालिकेची परवानगी आहे, एवढंच परवाना सांगतो. जागा कुणाची, हे त्यावरून ठरत नाही.

काकांना पटवायला मी गाळ्याची मिळकत पत्रिका काढली. ती आता ऑनलाइन, डिजिटल सहीची मिळते. तिच्यावर तीन नावं होती. तिसरं आत्याचं.

आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि आजी त्यांच्याआधीच गेली होती. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. म्हणजे दोघं भाऊ ज्या अर्ध्या-अर्ध्यावर भांडत होते, तो अर्धा कुणाचाच नव्हता.

"तिला कशाला मधे घेतेस? ती कधी काही मागत नाही," पप्पा म्हणाले.

मी गप्प राहिले. मलाही एक भाऊ आहे.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने बार्शीला गेले. काकांची भीती जावी म्हणून पत्रात एक ओळ वाढवली होती, 'या संमतीमुळे कोणत्याही सहमालकाच्या मालकी हक्काला बाधा येणार नाही.' आत्याने ती दोनदा वाचली. मग विचारलं, "माझा हक्क आहे, हे दादाला ठाऊक होतं का गं?"

ठाऊक होतं. वारस नोंदीच्या अर्जावर पप्पांचीच सही होती. मी तिला खरं ते सांगितलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सही केली. "गिरणी बंद पडू नये म्हणून करते. पण पुढच्या वेळी तू येऊ नकोस. दादाला पाठव."

तिची सही बघून काकांनीही केली. विलंब शुल्क भरून परवाना मिळाला.

यंदा फेब्रुवारीत पप्पा एकटे बार्शीला जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं, दोघांनीही सांगितलं नाही. आल्यावर सहीचा कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आपल्या गाळ्याला आज भाडं किती येईल, बघ जरा. आणि त्याचे तीन भाग कर."