एका दिवसाची मुंबई

सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना परकी वाटत नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांचे नाव देऊन ती उभारली, आणि कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच दातृत्वाचे फळ. पंडित नाथूराम प्रेमींचे हिंदी ग्रंथ रत्नाकर हे प्रकाशनगृह 1912 साली सुरू झाले आणि पुढे याच हिराबागेतून कितीतरी प्राचीन जैन ग्रंथ मुद्रित होऊन गावोगावच्या मंदिरांत पोहोचले.

जयसिंगपूरजवळच्या एका गावचे ऊस बागायतदार गेल्या मार्गशीर्षात तेथे तीन दिवस मुक्कामाला होते. फोर्टमधील एका कचेरीत मुलीला नोकरी लागली होती. तिला सोडायला ते आले होते खरे, पण परतीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटे त्यांनी दोन काढली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन हा त्यांच्या घरचा नेम. मुलीनेही तो लहानपणापासून पाळलेला. कचेरी सुटायची सहाला आणि हिवाळ्यात सूर्यही सहाच्या सुमारासच मावळतो. हा मेळ बसला नाही तर मुलीला माघारी न्यायचे, असे घरी ठरून आले होते. मुलीचे मत काय, हे मात्र कोणी नीटसे विचारले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे बोर्डिंगमधील सोबती त्यांना न्यायला आले. हे बँकेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षे परळला राहून पक्के मुंबईकर झालेले. गुलालवाडीच्या मंदिरात दर्शन आटोपून दोघे पायीच निघाले. भुलेश्वरच्या गर्दीत फुलांच्या टोपल्या चुकवत चालताना पाहुण्यांच्या कपाळावरची आठी काही हलेना. ती हलली पांजरपोळाच्या दारात. चहूबाजूंनी बाजार आणि मध्येच दावणीला बांधलेल्या गाई! ब्रिटिश अमलात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आणि 1832 साली त्यावरून शहरात दंगा उसळला. त्या प्रसंगानंतर 1834 मध्ये पारशी समाजाचे सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी मिळून हा पांजरपोळ स्थापन केला. पाहुण्यांनी कडब्याची पेंढी विकत घेतली, एका गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचे दात पाहून वयही सांगितले.

पुढे पायधुनी. दोन बेटांमधली खाडी उतरून आलेले लोक येथे पाय धूत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आता पाण्याचा मागमूस नाही. हातगाड्यांचा मात्र पूर आहे. गोडीजी पार्श्वनाथाचे मंदिर येथे 1812 पासून आहे. दर्शन घेऊन दोघे बेस्टच्या बसने वस्तुसंग्रहालयाकडे गेले. मलबार हिलवरील आदीश्वराचे मंदिर पुढच्या खेपेसाठी राहिले. एका दिवसात मुंबई दाखवू म्हणणाऱ्याने काय सोडायचे ते सकाळीच ठरवावे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बहुतेक लोक घुमट आणि शस्त्रे पाहून बाहेर पडतात. त्यांच्या नजरेतून निसटते ती बाहुबलींची एक लहानशी कांस्यमूर्ती. श्रवणबेळगोळची, सुमारे आठव्या-नवव्या शतकातील. म्हणजे तेथील डोंगरावरच्या विराट मूर्तीहूनही जुनी. कुंभोजच्या बाहुबली डोंगरावरील अठ्ठावीस फुटी मूर्ती पाहुण्यांनी जन्मभर मान उंचावून पाहिलेली. येथे प्रथमच बाहुबली त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत उभे होते. हातापायांवर चढलेल्या वेली, खांद्यावर रुळणारे केस, आणि चेहऱ्यावर कशाचीच घाई नाही. पाहुणे तेथून हलेनात. रखवालदाराने दोनदा पाहिले, मग त्याने स्वतःहून खुर्ची आणून दिली.

‘‘अरे, हे असे मुंबईत आहे, हे तू कधी कळवले नाहीस,’’ ते मित्राला म्हणाले.

‘‘मीच दहा वर्षांनी आलो आज,’’ मित्राने कबुली दिली. मुंबईकराला मुंबई दिसते ती पाहुणा आला तरच.

दुपार कलल्यावर दोघे ओव्हल मैदानाच्या कडेला आले. समोर राजाबाई टॉवर, उंची 280 फूट. या मनोऱ्याची कथा जैन घरांत मोठ्या आवडीने सांगितली जाते. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री राजाबाई दृष्टिहीन होत्या, दिवस मावळण्याआधी जेवत. घंटा ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून पुत्राने मनोरा बांधवला, अशी ती कथा. पाहुण्यांनीही ती आजीकडून ऐकली होती. पण मित्र बँकेतला, हिशेबी. तो म्हणाला, ‘‘प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला. घंटा तिथवर कशी ऐकू जाणार?’’

कथेहून इतिहास कमी विलक्षण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि त्याच भरात प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. 1865 मध्ये युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला आणि त्यात प्रेमचंदही बुडाले. मनोऱ्याची कोनशिला बसली 1869 मध्ये आणि काम पुरे झाले 1878 मध्ये. दात्याचे वैभव ओसरल्यावर त्याच्या आईचे नाव आकाशात चढत गेले.

साडेपाचला मुलगी रस्ता ओलांडून आली. हातात डबा होता. तीन दिवस ती कचेरीच्या जिन्याशेजारी बसून जेवत होती. आज वडिलांसाठी मैदानात आली. सकाळी अर्धा तास आधी येते म्हणून संध्याकाळी वीस मिनिटे मिळतात, हे तिने पहिल्याच दिवशी साहेबांशी बोलून घेतले होते. तेवढ्यात फोन आला तर शेजारच्या टेबलावरच्या बाई घेतात. झवेरी बाजाराकडे चौविहाराची सोय आहे, याचीही तिने चौकशी करून ठेवली होती.

तिघांनी भाकरी आणि मुगाची उसळ खाल्ली. वडील म्हणाले, ‘‘आणि पावसाळ्यात? सूर्यच दिसत नाही तेव्हा?’’

मुलीने मनोऱ्याकडे पाहिले. ‘‘घड्याळ आहे की समोर. आणि पंचांग आईने दिलंय.’’

मित्र यावर काही बोलला नाही. त्याने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. पावणेसहाचे ठोके पडले तशी मुलगी उठली, वडिलांच्या पाया पडली आणि कचेरीकडे चालू लागली. ती थांबणार की जाणार, हे तिला कोणी विचारले नाही. तिनेही विचारले नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर मित्राने पाण्याची बाटली भरून दिली आणि दर रविवारी मुलीला परळला जेवायला बोलावण्याचे कबूल केले. दिवसाउजेडी, असेही त्याने जोडले. गाडी सुटली. कल्याण मागे पडल्यावर तिकीट तपासनीस आला. दोन नावे वाचून त्याने समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट केले.

‘‘त्या इथंच राहिल्या,’’ पाहुणे म्हणाले, ‘‘जागा कुणाला हवी असेल तर द्या.’’